आधी कोण आणि यशस्वी कोण? : मुद्रणकलेची साक्ष

यंत्रविद्येच्या बळावर चालणाऱ्या उद्योगांविषयी चर्चा निघाली की एक वाद हटकून उभा राहतो. नवी कल्पना सर्वांच्या आधी काढणारा उद्योग यशस्वी होतो, की दुसऱ्याने काढलेली कल्पना घासूनपुसून लोकांच्या हाती देणारा? एक पक्ष म्हणतो, मान पहिल्याचा आणि लाभही पहिल्याचाच. दुसरा पक्ष म्हणतो, पहिल्याच्या वाट्याला खर्च आणि मनस्ताप येतो. पीक कापून नेतो तो मागून आलेला. संगणकाच्या व्यवसायात तर दोन्ही पक्षांना उदाहरणांची वाण पडत नाही. परंतु पाच-पन्नास वर्षांच्या अनुभवावरून निवाडा करणे घाईचे होईल. ज्या विद्येचा जमाखर्च साडेपाचशे वर्षांचा आहे, तिची साक्ष काढणे अधिक शहाणपणाचे. अशी विद्या म्हणजे मुद्रणकला. आणि तिच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण गोव्यात व मुंबईत घडलेले असल्यामुळे मराठी वाचकाला ही साक्ष परकी वाटू नये.

आरंभ अर्थातच जर्मनीतील माइन्झ शहरापासून करावा लागतो. तेथे १४५० च्या सुमारास योहान गुटेनबर्ग याने धातूचे सुटे खिळे ओतण्याचा साचा सिद्ध केला, धातूला चिकटून राहील अशी तेलाची शाई तयार केली आणि द्राक्षे पिळण्याच्या मळसूत्री दाबयंत्राच्या धर्तीवर छापण्याचे यंत्र उभारले. बेचाळीस ओळींचे बायबल म्हणून प्रसिद्ध असलेला त्याचा ग्रंथ १४५५ च्या आसपास पुरा झाला. मुद्रणकलेचा जनक म्हणून शाळेतील मुलेही त्याचे नाव सांगतात. परंतु काटेकोरपणे पाहिले, तर तोही पहिला नव्हे. चीनमध्ये बी शंग नावाच्या कारागिराने अकराव्या शतकाच्या मध्यास भाजलेल्या मातीचे सुटे ठसे बनवले होते, आणि कोरियात धातूच्या खिळ्यांनी छापलेला १३७७ सालचा एक बौद्ध ग्रंथ आजही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहावयास मिळतो. पूर्वेकडील या युक्तीपुढे हजारो अक्षरचिन्हांचा डोंगर उभा होता. युरोपच्या रोमन लिपीत मूळ अक्षरे अवघी दोन डझन. गुटेनबर्गची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. परंतु त्याची लिपीही त्याला अनुकूल होती, हे विसरता येत नाही.

त्याच्या धंद्याचे काय झाले, ते अधिक बोधप्रद आहे. या कामासाठी त्याने योहान फुस्ट नावाच्या सावकाराकडून १४५० साली आठशे आणि पुढे दोन वर्षांनी पुन्हा आठशे गुल्डेन उचलले होते. बायबल पुरे होत आले न आले तोच, १४५५ मध्ये फुस्टने कोर्टाची पायरी चढली. निकाल त्याच्या बाजूने लागला, आणि छापखान्याचे बरेचसे साहित्य फुस्टच्या ताब्यात गेले असे बहुतेक इतिहासकार मानतात. गुटेनबर्गच्या हाताखाली काम केलेला पेटर शोफर हा सावकाराच्या बाजूने उभा राहिला आणि पुढे त्याचा भागीदार व जावईही झाला. या भागीदारांनी १४५७ मध्ये स्तोत्रग्रंथाची जी आवृत्ती काढली, तिच्यातील दोन रंगांची आद्याक्षरे पाहून आजचा मुद्रकही चकित होतो. मुद्रकांची नावे आणि छपाईची तारीख ग्रंथाच्या अखेरीस छापण्याचा प्रघात युरोपात याच ग्रंथाने पाडला. गुटेनबर्गचे नाव मात्र त्याने छापलेल्या एकाही पुस्तकावर नाही. उतारवयात माइन्झच्या आर्चबिशपांनी त्याला वर्षासन म्हणून धान्य, द्राक्षासव आणि वस्त्रे लावून दिली. १४६८ साली तो निवर्तला.

येवढ्यावरून शोफरला उपटसुंभ ठरवणे योग्य होणार नाही. तो कुशल कारागीर होता, आणि त्याने कलेत भर घातली. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. सुधारणा करणारा माणूस कोठून तरी परका आलेला नव्हता. तो पहिल्याच्याच कारखान्यात शिकून तयार झालेला होता. हीच गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा दिसेल.

माइन्झहून ही कला व्हेनिसला गेली, आणि तेथे अल्दुस मानुतियुस या विद्वान गृहस्थाने तिला वेगळेच वळण दिले. त्याने मुद्रणातील मूळ असे कोणतेच यंत्र शोधून काढले नाही. ग्रंथ जाडजूड असतात, ते मेजावर ठेवूनच वाचावे लागतात आणि त्यांची किंमत सामान्य विद्यार्थ्याला परवडत नाही, येवढेच त्याने पाहिले. १५०१ साली त्याने व्हर्जिल कवीचे काव्य हातात मावेल अशा लहान आकारात काढले. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या ठसे कोरणाऱ्या कारागिराने तिरक्या वळणाची आटोपशीर अक्षरे सिद्ध केली होती. पुस्तक खिशात आले, आणि वाचन मठातून व राजवाड्यातून बाहेर पडले. अल्दुसच्या पुस्तकांच्या नकला फ्रान्समधील लियों शहरात इतक्या सर्रास छापल्या जाऊ लागल्या, की १५०३ मध्ये त्या नकलांतील चुकांची यादी देऊन ग्राहकांना सावध करण्याची पाळी त्याच्यावर आली. ग्रिफोचे मात्र अल्दुसशी बिनसले आणि तो व्हेनिस सोडून गेला. कीर्ती धन्याच्या नावावर जमा झाली. ज्याच्या हातून अक्षर उतरले त्याचे नाव फक्त जाणकारांना ठाऊक राहिले.

आता गोव्याकडे वळू. अल्दुसचे पुस्तक निघून पंचावन्न वर्षे झाली होती. ६ सप्टेंबर १५५६ या दिवशी गोव्याच्या बंदरात जी पोर्तुगीज गलबते लागली, त्यांतून येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर एक छापखाना उतरला. तो वस्तुतः निघाला होता अॅबिसिनियाला. परंतु तेथे जाण्याचा बेत फिसकटला आणि यंत्र गोव्यातच राहिले. सेंट पॉलच्या महाविद्यालयात ते उभारण्यात आले. हिंदुस्थानातलाच नव्हे, तर युरोपीय पद्धतीचा आशियातला हा पहिला छापखाना. मुद्रक होता जुआंव दे बुस्तामांते. त्याच्या मदतीला मुद्रणात तरबेज असा एक हिंदी माणूसही पोर्तुगालहून परत आला होता, असे तत्कालीन पत्रव्यवहारावरून दिसते. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. छापण्याची विद्या हस्तगत केलेला पहिला हिंदी मनुष्य इतिहासात असा अनामिकच राहिला.

या छापखान्याने त्याच वर्षी काम सुरू केले. पुढल्या वर्षी सेंट फ्रान्सिस झेवियर यांची प्रश्नोत्तरी निघाली. १५६३ साली गार्सिया द ओर्ता यांचा हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींविषयीचा प्रख्यात ग्रंथ गोव्यातच छापला गेला. हे सारे पोर्तुगीज भाषेत. देशी लिपीचे खिळे करण्याचे पहिले श्रेयही याच मंडळींकडे जाते. परंतु ती लिपी तमिळ होती. जुआंव गोन्साल्विस याने गोव्यात तमिळ ठसे कोरले, आणि १५७८ मध्ये कोल्लम येथे ‘तंबिरान वणक्कम’ हे सोळा पानांचे पुस्तक छापून निघाले. हिंदी भाषेत, हिंदी लिपीत, हिंदी भूमीवर छापलेले हे आद्य पुस्तक होय.

याच्या दुसऱ्याच वर्षी टॉमस स्टीफन्स हा इंग्रज धर्मगुरू गोव्यात आला. चाळीस वर्षे तो या भूमीत राहिला, येथील बोली शिकला, तिचे व्याकरण लिहिले आणि मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. साष्टीतील नवख्रिस्ती लोक पूर्वीच्या पुराणांना मुकले होते; त्यांच्या कानांना ओवीची गोडी होती आणि ती तृप्त करणारे पुराण त्यांना हवे होते. ही गरज ओळखून त्याने हा ग्रंथ सिद्ध केला. तो लोकांच्या भाषेत होता. तो लोकांच्या लिपीतही छापला जावा, अशी त्याची उत्कट इच्छा होती. डिसेंबर १६०८ मध्ये आपल्या संघाच्या रोममधील प्रमुखांना लिहिलेल्या पत्रात त्याने ही इच्छा स्पष्ट मांडली आहे. मलबारात अशी पुस्तके निघाली आणि तेथील लोकांचे त्याने कल्याण झाले, मग येथे का निघू नयेत, असा त्याचा आशय. अडचणी दोन. पहिली अशी की युरोपातील चोवीस अक्षरांच्या ठिकाणी येथे स्वरचिन्हांसह जोडलेली अक्षरे धरावी लागतात, आणि त्यांचे साचे सहाशेच्या घरात जातात. दुसरी अशी की वरिष्ठांची आज्ञा आणि साहाय्य असल्याखेरीज हे काम होणे नाही.

ते साहाय्य मिळाले नाही. १६१६ साली रायतूरच्या छापखान्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. स्टीफन्स १६१९ मध्ये वारला. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ साली निघाल्या; त्याही रोमन लिपीतच. त्या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पुराण जगले ते भाविकांनी हाताने उतरून काढलेल्या पोथ्यांमधून. छापून निघालेला ग्रंथ हस्तलिखितांनी वाचवावा, हा मुद्रणाच्या इतिहासातील मोठाच विपर्यास म्हटला पाहिजे.

येथे थांबून विचार करावयास हवा. गोव्याचा छापखाना आशियात पहिला होता. तेथे कागद होता, यंत्र होते, कारागीर होते, ग्रंथकार होता आणि ऐकणारा समाजही होता. मग अडले कोठे? सहाशे साचे ही अडचण खरी. परंतु ती अलंघ्य नव्हती. तमिळ अक्षरे कोरून ओतता आली होती. उणीव होती ती दुसऱ्याच गोष्टीची. हा छापखाना संस्थेचा होता, व्यवसाय नव्हता. पुस्तक विकले न विकले याने त्याचे चालणे-थांबणे ठरत नव्हते. ते ठरत होते वरून येणाऱ्या आज्ञेने. त्या कारखान्यात शिकलेल्या देशी हाताला बाहेर पडून, चार पैसे जमवून, स्वतःच्या लिपीचा स्वतंत्र छापखाना काढता येईल अशी परिस्थिती नव्हती. पुढे १६८४ साली तर लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारावी, असे फर्मानच सुटले. त्याआधीच गोव्यातील मुद्रण मंदावत जाऊन थंडावले होते. ते पुन्हा जागे झाले ते १८२१ मध्ये ‘गॅझेटा द गोवा’ या सरकारी पत्राच्या रूपाने. मधली जवळजवळ दीड शतके कोरी गेली.

मुंबईतील कथा नेमकी उलट आहे, आणि म्हणूनच ती शेजारी ठेवून वाचली पाहिजे. मुंबई या बाबतीत कोठेच पहिली नव्हती. सतराव्या शतकात भीमजी पारेख या व्यापाऱ्याच्या आग्रहावरून ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईस धाडला; परंतु त्याला खिळे कोरता येत नव्हते. भीमजीने स्वतःच्या माणसांकडून देशी अक्षरे कोरवून पाहिली. तो प्रयत्न तेथेच विरला. पेशवाईच्या अखेरीस नाना फडणवीसांनी तांब्याच्या ठशांवरून गीता छापण्याचा उपक्रम योजला होता. नानांच्या पश्चात तो मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली तडीस गेला, पण तेवढ्यावरच राहिला. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. म्हणजे मराठीला पहिले खिळे लाभले ते गंगेच्या काठी.

मुंबईत अमेरिकन मिशनची मंडळी १८१३ मध्ये आली. त्यांनी कलकत्त्याकडून देवनागरी खिळे आणवून १८१७ साली मराठी पुस्तिका छापली. हेतू धर्मप्रसाराचा होता. तो गोव्यातील मंडळींचाही होता. परंतु या छापखान्याने एक गोष्ट निराळी केली. बाहेरून आणलेल्या खिळ्यांवर संतुष्ट न राहता त्याने स्वतःचा ओतशाळेचा विभाग काढला. टॉमस ग्रॅहॅम या तेथेच उमेदवारी केलेल्या कारागिराने मराठी व गुजराती अक्षरांची नवी वळणे कोरली आणि हाताखालच्या देशी मुलांना ती विद्या शिकवली. ती मुले मिशनच्या बाहेर जाऊन काय करतील यावर कोणाचा पहारा नव्हता.

त्यांतलेच एक गणपत कृष्णाजी. मिशनच्या छापखान्यात त्यांनी शिळाछापाचे काम जवळून पाहिले. शिळाछापाची युक्ती बव्हेरियातील सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस काढलेली होती. दगडावर हाताने लिहावे आणि त्यावरून छापावे. खिळेच नकोत, म्हणजे सहाशे साच्यांचाही प्रश्न नको. गणपत कृष्णाजींनी स्वतःच्या हाताने लाकडी यंत्र बनवले, शाई स्वतः तयार केली, आणि १८३१ साली मराठीतील पहिले छापील पंचांग काढले. पंचांग निवडण्यात त्यांची खरी चतुराई दिसते. ते प्रत्येक घराला लागते, आणि पुढल्या वर्षी पुन्हा लागते. अडचण होती ती सोवळ्याओवळ्याची. शाईत चरबी असते म्हणून छापील कागदाला धर्मनिष्ठ माणूस शिवत नसे. गणपत कृष्णाजींनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असे सांगतात. जर्मनीच्या संशोधकाला ही अडचण स्वप्नातही सुचली नसती आणि मिशनच्या पाद्र्यांना तिचे महत्त्व वाटले नसते. भटजीच्या ओसरीवर ज्याचे जाणे-येणे होते, त्यालाच ती सोडवता आली. पुढे त्यांनी खिळ्यांचा छापखानाही घातला.

याच मार्गाने जावजी दादाजी आले. त्यांचा जन्म १८३९ चा, घरची अत्यंत गरिबी. अगदी लहान वयात ते मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. पुढे आणखी काही छापखान्यांतून अनुभव घेऊन त्यांनी १८६४ साली स्वतःची ओतशाळा आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. देवनागरी खिळा त्यांनी शोधून काढलेला नव्हता. तो केरींच्या श्रीरामपुरात होता, ग्रॅहॅमच्या हाताखाली तो सुधारला होता, गणपत कृष्णाजींच्या छापखान्यात तो रुळला होता. जावजींनी केले ते येवढेच, की समाधान होईपर्यंत ते त्या खिळ्याला लागून राहिले. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू हे ठसे कोरण्यात सिद्धहस्त होते. वेलांटी अक्षरावर नेमकी कोठे बसावी, रफार मागच्या अक्षराला लागू नये, जोडाक्षराचा खालचा भाग पुढल्या ओळीत घुसू नये, बारीक खिळ्यातही ‘ध’ आणि ‘घ’ यांचा घोटाळा होऊ नये, अशा शेकडो बारकाव्यांवर या जोडीने वर्षानुवर्षे मेहनत घेतली. परिणाम असा झाला, की ‘मुंबई वळण’ हे देवनागरी छपाईचे प्रमाण ठरले. १८८६ पासून निघालेल्या काव्यमालेतून संस्कृत साहित्यातील दुर्मिळ कृती शुद्ध आणि सुबक रूपात काशीपासून युरोपातील विद्यापीठांपर्यंत पोहोचल्या. विनायक कोंडदेव ओक यांचे मुलांसाठीचे ‘बालबोध’ मासिकही १८८१ पासून याच छापखान्यातून निघू लागले. जावजी १८९२ मध्ये वारले. व्हेनिसच्या अल्दुसने जे लॅटिन आणि ग्रीक वाङ्मयासाठी केले, ते काळबादेवीच्या या अल्पशिक्षित कारागिराने संस्कृत आणि मराठीसाठी केले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर ‘सुधारणारा जिंकतो’ असे देऊन मोकळे व्हावे काय? तसे करणेही एकांगी होईल. ग्रॅहॅमच्या ओतशाळेवाचून जावजी घडले नसते, आणि कलकत्त्याहून आलेल्या ओबडधोबड खिळ्यांवाचून ग्रॅहॅमला सुधारायला काही राहिले नसते. सुधारणाऱ्याचे भांडवल पहिल्याच्याच कारखान्यात जमा होते. पैशाच्या रूपाने नव्हे, हातांच्या रूपाने.

संगणकाच्या युगात तरी याहून वेगळे काय घडले? झेरॉक्स या अमेरिकन कंपनीने १९७० साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे संशोधनशाळा काढली. पडद्यावरील चित्रे आणि हातातील ‘माऊस’ यांच्या साहाय्याने चालणारा ‘आल्टो’ हा संगणक तेथे १९७३ मध्ये तयार झाला. लेसर किरणांनी छापणारे यंत्रही गॅरी स्टार्कवेदर यांनी तेथेच सिद्ध केले. या छपाईयंत्रावर झेरॉक्सने पुढे चांगला पैसा मिळवला. पहिल्याच्या हाती काहीच लागत नाही असे नव्हे. परंतु ती यंत्रे मोठ्या कचेऱ्यांपुरती होती. १९७९ मध्ये अॅपल कंपनीची माणसे ही संशोधनशाळा पाहून गेली, आणि १९८४ साली अॅपलने ‘मॅकिन्टॉश’ हा संगणक मेजावर मावेल अशा आकारात विक्रीस काढला. संशोधनशाळेतील जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी पानावरील मजकूर छपाईयंत्राला समजावणारी भाषा रचण्याचे काम केले होते. कंपनी ते बाजारात आणण्यास राजी नाही हे पाहून ते १९८२ साली बाहेर पडले आणि त्यांनी अॅडोबी ही संस्था स्थापली. १९८५ मध्ये अॅपलचे लेसर छपाईयंत्र अॅडोबीची भाषा घेऊन आले, आणि त्याच वर्षी मेजावर बसून पुस्तकाचे पान मांडण्याची आज्ञावली एका तिसऱ्या कंपनीने काढली. त्या कंपनीने आपले नाव ठेवले होते ‘अल्दुस’. संस्थापकांना आपला पूर्वज ठाऊक होता. त्यांनी गुटेनबर्गचे नाव घेतले नाही. पुस्तक खिशात आणणाऱ्याचे घेतले.

माइन्झ, मुंबई आणि पालो आल्टो ही तीन स्थळे शेजारी ठेवली म्हणजे एकच आकृती दिसते. शोफर गुटेनबर्गच्या कारखान्यातून निघाला, गणपत कृष्णाजी व जावजी मिशनच्या छापखान्यातून, आणि वॉर्नॉक व गेश्की झेरॉक्सच्या संशोधनशाळेतून. पहिल्याने विद्या आणली, ती त्याच्या हाताखालच्या माणसात उतरली, त्या माणसाला बाहेर पडून स्वतःच्या जबाबदारीवर धंदा करता आला, आणि ज्यांच्यासाठी धंदा करावयाचा त्या माणसांची अडचण त्याला ठाऊक होती. ही साखळी जेथे अखंड राहिली तेथे उद्योग फळास आला. पहिला कोण आणि दुसरा कोण हा प्रश्न त्या साखळीतील कड्यांच्या क्रमाचा आहे. साखळी तुटली का, हा खरा प्रश्न होय.

गोव्यात ती तुटली. आशियातला पहिला छापखाना हा मान गोव्याचाच आहे आणि राहील. परंतु ज्या हिंदी मुद्रकाचे नावसुद्धा कोणी टिपून ठेवले नाही, त्याच्या पुढच्या पिढीतून कोणी जावजी निपजण्याचा संभव नव्हता. उद्योग बुडाला की सामान्यतः मालकाचे नुकसान मोजले जाते. येथे नुकसान झाले ते वाचकाचे. सतराव्या शतकाच्या आरंभी ज्या समाजाजवळ छापण्याजोगा अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ होता, त्याला स्वतःच्या अक्षरांत छापलेले पुस्तक हाती धरण्यासाठी पिढ्यान्पिढ्या थांबावे लागले.

स्टीफन्सने सांगितलेल्या दोन अडचणींपैकी पहिली आज उरलेली नाही. भारत सरकारने १९८८ मध्ये संगणकावरील भारतीय लिप्यांसाठी संकेतप्रणाली निश्चित केली, आणि तिच्याच पायावर १९९१ साली जागतिक युनिकोड संकेतात देवनागरीला जागा मिळाली. त्या तक्त्यात देवनागरीसाठी १२८ घरे आहेत. जोडाक्षराला स्वतंत्र घर दिलेले नाही. मूळ वर्ण आणि स्वरचिन्हे क्रमाने दिली की जोडणी यंत्र करते. सहाशे साच्यांचा डोंगर असा सपाट झाला. दुसरी अडचण, म्हणजे वरून आज्ञा आणि साहाय्य मिळण्याची, मात्र कोणत्याही यंत्राने सुटत नाही. ती माणसांनीच सोडवावी लागते.

‘ख्रिस्तपुराणा’ची हकीकत येथेच पुरी करावयास हवी. १९०७ साली मंगळूर येथे जोसेफ सालढाणा यांनी पोथ्या जमवून ते पुन्हा छापले. तेही रोमन लिपीतच. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी संपादलेली देवनागरी आवृत्ती पुण्यात प्रसिद्ध झाली. गोव्याच्या बंदरात छापखाना उतरल्याला त्या वर्षी बरोबर चारशे वर्षे झाली होती, आणि स्टीफन्सने रोमला पत्र लिहिल्याला तीनशे अठ्ठेचाळीस. त्याने ज्या अक्षरांत आपले पुराण पाहू इच्छिले होते, त्या अक्षरांत ते अखेर छापून निघाले.